चैतन्य मेंदूवरच उभे आहे

गोव्यातल्या हरमलच्या किनाऱ्यावर भरणारी ध्यानाची शिबिरे आणि पेडणे महालातल्या देवळांत येणारा अवसर, म्हणजे अंगात येणारा देवाचा संचार, या दोन्ही ठिकाणी एकच श्रद्धा ऐकू येते: जाणीव देहाहून स्वतंत्र आहे, मेंदू तिचे केवळ साधन. ही श्रद्धा बाळगणारे भोळे नाहीत. त्यांचे मुद्दे नीट ऐकून मगच खोडायला हवेत.

पहिला मुद्दा रेडिओचा. संच बिघडला तर गाणे थांबते, पण गायक मरत नाही. मेंदूचेही तसेच, असे ते म्हणतात. पण संच बिघडल्याने गायक स्वतःचे गाणे विसरत नाही. मेंदूच्या बाबतीत मात्र नेमके तेच घडते. १९५३ साली अपस्मारावरील उपाय म्हणून हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूचा थोडा भाग काढला. बोलणे आणि बुद्धी शाबूत राहिली, पण नवी आठवण मनात टिकेना. इथे केवळ आवाज खरखरला नाही, अनुभवणाऱ्याचे अंतरंगच बदलले.

दुसरा मुद्दा मरणाच्या दारातून परतलेल्यांचा. आपण छतावरून स्वतःचा देह पाहिला, असे काही जण सांगतात. हे तपासण्यासाठी काही रुग्णालयांत वरूनच दिसतील अशी चित्रे उंच फळ्यांवर ठेवली गेली. २०१४ साली या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या चित्रांचे वर्णन एकाही रुग्णाने केलेले नव्हते.

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. पेशींच्या हालचालींतून वेदनेची किंवा लाल रंगाची अनुभूती कशी उपजते, हे विज्ञानाला अजून सांगता येत नाही. हे मान्यच करायला हवे. पण ‘कसे’ ठाऊक नाही म्हणून जाणीव ‘कशावर’ उभी आहे, हेही अज्ञात ठरत नाही. बांबोळीच्या रुग्णालयातल्या शस्त्रक्रियागृहात भुलीचे औषध मेंदूवर काम करते, तेव्हा जाणीव मावळते. औषध उतरले की परतते.

मग अवसर खोटा का? मुळीच नाही. या प्रश्नाला वाट दाखवणारा माणूस गोव्याचाच आहे. १७५६ साली कांदोळीत जन्मलेले आबे फारिया धर्मगुरू होते, आत्मा मानणारे होते. पॅरिसमध्ये मेस्मर या वैद्याचे अनुयायी म्हणत, की संमोहकाच्या हातून अदृश्य द्रव वाहतो. फारियांनी ते ठामपणे नाकारले: संमोहनाची निद्रा खरी आहे, पण तिचे कारण झोपणाऱ्याच्याच ठायी आहे. १८१९ साली त्यांचा ग्रंथ निघाला. अनुभव स्वीकारावा आणि त्याचे कारण तपासावे, हीच त्यांची शिकवण मी पुढे नेतो.

मेंदूवर अवलंबून आहे म्हणून चैतन्य हलके ठरत नाही. ध्यानातली शांतता, अवसराचा थरार, आईची माया हे सारे मेंदूतूनच उमलते, म्हणून तो जपायला हवा. घरात कुणाला फिट आली किंवा कानात आवाज येऊ लागले, तर देवाला जरूर हात जोडा. पण रुग्णाला आधी डॉक्टरकडे न्या.