व्होल्ट मोजा, अँपिअर मोजा, मग त्यांचा आकडा विचारा



एप्रिल 2024 पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे बिल सरकार भरते. बिलावर शून्य आले आणि विजेचा प्रश्न मिटला असे गावोगाव वाटू लागले. मिटला कोणाचा? सरकार आपल्या नावाने वीज कंपनीला पैसे मोजते. ते किती विजेचे, हे आपल्याला कोणी विचारत नाही. ज्या पंपाला मीटर नाही, किंवा आहे पण बंद पडलेला आहे, त्याची वीज अंदाजाने ठरते. मीटरशिवाय वीज देऊ नये, असे 2003 चा वीज कायदा सांगतो. आपल्याकडच्या कितीतरी विहिरींवर अजून पाटीवरची अश्वशक्ती हेच माप आहे. कापसाच्या मापात व्यापाऱ्याने काटा मारला तर आपण बाजार डोक्यावर घेतो. इथे तर काटाच नाही!

तो काटा आपल्याच कोठ्यात आहे. स्टार्टरच्या पेटीवर दोन मीटर असतात, एक व्होल्टचा, एक अँपिअरचा. ते मेले असतील तर वायरमनकडून चिमटा मीटर लावून घ्या. उघड्या तारेला स्वतः हात लावू नका.

हिशोब चौथीच्या पोराला जमेल असा आहे. घरची शेगडी घ्या. 240 व्होल्टवर ती 1,000 वॉट खाते. हजाराला 240 ने भागले की करंट आला, 4.17 अँपिअर. 240 ला 4.17 ने भागले की तारेचा रेझिस्टन्स आला, साधारण 57.6 ओहम. आता व्होल्ट 180 वर घसरले. 180 भागिले 57.6, म्हणजे 3.1 अँपिअर, त्याला 180 ने गुणले की जेमतेम 560 वॉट. दाब पाव हिश्शाने कमी आणि भाकरीला धग जवळजवळ निम्मी.

मोटारीचे उलटे. शेगडी गुमान थंड पडते. मोटारीला पाणी तेवढेच उचलायचे असते, म्हणून व्होल्ट घटले की ती अँपिअर वाढवते. तीन फेजच्या मोटारीचे वॉट काढायला व्होल्ट गुणिले अँपिअर गुणिले 1.73 गुणिले पॉवर फॅक्टर. ओढलेला सगळा करंट कामाला लागत नाही, त्याचा हा वाटा. चांगल्या मोटारीला 0.85 धरा. पाच अश्वशक्तीची मोटार 415 व्होल्टवर साडेसात अँपिअर घेते: सुमारे 4,580 वॉट, तासाला 4.6 युनिट. तीच 320 व्होल्टवर 9.7 अँपिअर ओढते. वाइंडिंगमधली उष्णता अँपिअरच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे दोन तृतीयांशाने जास्त. मग ऐन बोंडे भरताना मोटार जळते आणि वर ऐकावे लागते, 'तुम्हाला मोटार वापरता येत नाही'. 415 च्या खाली-वर सहा टक्के, म्हणजे 390 ते 440 व्होल्ट, हे त्यांनी पाळायचे माप. रिवाइंडिंगचे पैसे मात्र आपल्या खिशातून. ते कोणत्या माफीत बसतात?

आता तारेकडे या. डीपीवर 410 व्होल्ट आहेत, विहिरीवर मोटार चालू असताना 375, करंट 8.3 अँपिअर. वाटेत 35 व्होल्ट गेले. 35 ला 1.73 आणि 8.3 यांच्या गुणाकाराने भागा: एकेका तारेचा रेझिस्टन्स ढोबळमानाने 2.4 ओहम. तीन तारा, प्रत्येकीत करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, असे सुमारे 500 वॉट नुसती तार तापवण्यात गेले. दर दोन तासांना एक युनिट, तेही एका मोटारीचे. ना ज्वारीला मिळाले, ना पराटीला. माप नसले की हे युनिट कोणाच्या नावावर टाकायचे ते टाकणारा ठरवतो. अंदाजाच्या पोत्यात लांब तारांची गळती जाते, आकडे टाकून चोरलेली वीज जाते, आणि पोत्यावर नाव शेतकऱ्याचे! मग शहरातला माणूस म्हणतो, हे फुकटे वीज खातात.

कोरडवाहूची गोष्ट याहून वाईट. आमच्या विहिरीत पाणीच दिवसाला दोन तासांचे, तेही तीन महिने. 180 तास गुणिले 4.6, वर्षाला 828 युनिट. उसाच्या मळ्यात तीच पाच अश्वशक्ती 1,500 तास चालली तर 6,900. पाटीच्या मापात दोघे सारखे. सूट त्याची, बदनामी आमची.

काही ठिकाणी पाटी तीनची आणि मोटार पाचची निघेल. निघू द्या. काटा आला की तो सगळ्यांना सारखा.

आमची मागणी डीपीवर मीटरची आहे. डीपीचे वाचन आणि विहिरींवरच्या मीटरांची बेरीज गावाच्या फलकावर शेजारी शेजारी लागली पाहिजे. तोवर माप आपण ठेवू. दर डीपीमागे एक वही करा. पहाटे, दुपारी, रात्री, जेव्हा पुरवठा असेल तेव्हा व्होल्ट, अँपिअर आणि मोटार किती वेळ चालली एवढेच लिहा. जळलेल्या मोटारीची तारीख आणि रिवाइंडिंगची पावती त्याच वहीत चिकटवा. जिल्हा बैठकीला येताना वही घेऊन या. तालुक्यातालुक्याची बेरीज तिथे बसून मांडू आणि ती घेऊन अधीक्षक अभियंत्याच्या दारात जाऊ.