देवाला जाते, मग गाण्याला का नाही?

युरोपात गाण्याच्या सहली निघतात. बर्फ बघायला नाही, खरेदीला नाही, निव्वळ गाणं ऐकायला. व्हिएन्नाचं १८६९ साली उघडलेलं ऑपेरागृह, साल्झबर्गमधलं मोझार्टचं जन्मघर, त्याच्या ‘डॉन जियोव्हानी’चा पहिला प्रयोग १७८७ मध्ये झाला ते प्रागचं थिएटर. दिवसा जाणकार माणूस कथा समजावून सांगतो, संध्याकाळी मंडळी प्रयोगाला जातात. ऑपेरा म्हणजे तरी काय, त्यांचं संगीत नाटकच की!

आपल्या अमरावती-अकोल्याच्या बायका फिरायला काही कमी नाहीत. शेगाव, पंढरपूर, चारधाम, हल्ली सिंगापूरसुद्धा. कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेच्या पालखीसोबत अभंग म्हणत पायी निघतात त्या आपल्याच बायाबापड्या. पण मैत्रिणींनो, ‘पाच दिवस गाणं ऐकायला जाते’ असं घरात म्हणून तर बघा! ‘कायले जाशीन वं येवढ्या दूर? मोबाइलवर आयक नं गानं!’ देवाचं नाव घेतलं की रजा मंजूर. स्वतःच्या आवडीसाठी मागितली की उलटतपासणी सुरू.

खरं तर आपली ऑपेरा-सहल एकाच रुळावर आहे. गोंदिया-कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस बडनेरा, अकोल्याहून निघून पुणे, सांगली, मिरज गाठते. गाडी बदलायची भानगड नाही. सांगलीत १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगवलं. मिरजेत सतारमेकर गल्लीत तंबोरे घडताना बघायला मिळतात. त्यांचे भोपळे येतात आपल्या ओळखीच्या पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथल्याच दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ विसावले आहेत. हिराबाई बडोदेकर त्यांची लेक. बायकांनी तिकीट लावून जाहीर मैफल करायची, हे हिराबाईंनी लोकांच्या अंगवळणी पाडलं.

खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व. त्यांच्याकडे शिकायला गंगूबाई हनगल हुबळीहून कुंदगोळला रेल्वेने जायच्या. त्या काळात, एक बाई, गाण्यासाठी! आणि आपण अजून ‘सोबत कोण आहे’ याचंच उत्तर देत बसतो.

सवाईंचे दुसरे शिष्य भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात महोत्सव सुरू केला. तो डिसेंबरात असतो. पूर्वी रात्रभर चालायचा, आता ध्वनिक्षेपकाच्या नियमामुळे बहुतेक दिवशी दहाच्या सुमारास आटोपतो. आम्हा जुन्या श्रोत्यांना हळहळ वाटते, पण परगावच्या बाईला मुक्कामी परतायला हे सोयीचंच, नाही का?

आपल्याकडे भिशी मंडळं गल्लोगल्ली आहेत. एका वर्षीची भिशी साडीऐवजी या सहलीला लावा. आठ-दहा जणी जमल्या तर जेवण, मुक्काम, रिक्षा सगळं वाटून घेता येतं, आणि राग कळत नाही म्हणून कोणी अडून बसू नये. भूपाळी ऐकताना कुठे कळत होता? तिकीट मात्र आधीच काढा. भारतीय बैठकीचं स्वस्त पडतं, पण गुडघे कुरकुरत असतील तर सरळ खुर्चीचं घ्या.