डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटर

बालमित्रांनो, काश्मीरमध्ये किंवा युरोप-अमेरिकेत भर हिवाळ्यात बाहेर बर्फ पडत असतं, आणि मोटारीतली माणसं मात्र उबेत बसून गप्पा मारत असतात. गाडीत ना शेकोटी, ना शेगडी! मग ही ऊब येते कुठून?

ती येते इंजिनातून, आणि तीही जवळजवळ फुकटात बरं का! पेट्रोल किंवा डिझेल जळतं तेव्हा त्यातल्या शक्तीचा मोठा भाग उष्णतेच्या रूपात वाया जातो. इंजिन तापून बिघडू नये म्हणून त्याच्याभोवती कूलंट नावाचं द्रव फिरवतात. ते साधारण ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापतं, पुढच्या रेडिएटरमध्ये निवतं आणि पुन्हा इंजिनात येतं. यातलंच थोडं गरम कूलंट एका पाइपाने डॅशबोर्डच्या मागे आणतात. तिथे वहीएवढा छोटा रेडिएटर असतो. त्याचं नाव हीटर कोअर.

बशीत ओतलेला चहा कपातल्यापेक्षा लवकर निवतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. पसरला की त्याला हवा जास्त लागते ना! हीटर कोअरमध्ये हीच युक्ती आहे. बारीक नळ्या आणि त्यांना चिकटलेल्या कागदासारख्या पातळ धातूच्या पट्ट्या. पंखा त्यांवरून हवा फेकतो, हवा गरम होते आणि गाडीत येते. समोरच्या काचेवरचं धुकंही तीच घालवते.

पण गाडी म्हातारी झाली की हा कोअर गळू लागतो. असं का होतं? वर्षानुवर्षं कूलंट बदललंच नाही, तर गंज रोखण्याचा त्याचा गुण संपतो. कोणी नुसतं विहिरीचं किंवा बोअरचं पाणी भरत राहिलं, तर आंघोळीच्या बंबात धरतात तसे क्षार आत धरतात. मग एखाद्या नळीला टाचणीएवढं भोक पडतं. गाडीत गोडसर वास येतो, पायाखालची चटई ओली होते आणि काच धुरकट होते. पावसाळ्यात श्वासाने धुरकटलेली काच पुसली की स्वच्छ होते. ही मात्र पुसली की तेलकट फरांटे उठतात. रात्री समोरून दिवे आले तर चालकाला रस्ताच दिसायचा नाही!

आता खरी गंमत. कारखान्यात हा कोअर बसवल्यावर त्याच्यापुढे डॅशबोर्ड बसतो. त्यामुळे पुष्कळ गाड्यांत तो काढायचा म्हणजे आधी रेडिओ, समोरचा खण, कधी स्टीअरिंगसुद्धा आणि मग अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. वस्तू एवढीशी, पण मेकॅनिकचा दिवस जातो!

चांगला मेकॅनिक घाई करत नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ देतो, बॅटरीची तार सोडतो, कूलंट भांड्यात काढून घेतो. निघालेले स्क्रू वेगवेगळ्या डब्यांत ठेवून प्रत्येकावर चिठ्ठी लावतो. नवा कोअर बसवला की कूलंट भरतो, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवतो आणि पाइपांत अडकलेली हवा काढतो. कुठे गळत नाही ना, हे पाहूनच डॅशबोर्ड परत चढवतो. आधी चढवला आणि मग गळती दिसली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

पालकांनो, दोन गोष्टी लक्षात असू द्या. गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नये. दाबाखालचं उकळतं द्रव अंगावर उडतं. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. कूलंटमध्ये बहुधा इथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड, पण जहरी असतं. थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. म्हणून काढलेलं कूलंट उघड्या भांड्यात किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नका, गटारात ओतू नका. सांडलं तर लगेच पुसून जागा धुऊन टाका. कुत्री-मांजरं ते चाटतात. चुकून कोणाच्या पोटात गेलंच, तर त्रास होण्याची वाट न पाहता तडक दवाखाना गाठा.

आपल्याकडे हीटर फारसा लागत नाही. तरी घाट चढताना तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला, तर जाणते ड्रायव्हर एसी बंद करून हीटर पूर्ण सुरू करतात आणि सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवतात. आतल्यांना घाम फुटतो, पण इंजिनाची थोडी उष्णता या छोट्या रेडिएटरमधून बाहेर पडते.

आता तुमच्यासाठी काम. मोटारसायकलच्या इंजिनावर ओळीने धातूच्या पट्ट्या दिसतात. त्या कशासाठी असतील? थंड असलेल्या इंजिनाजवळ जाऊन नीट पाहा, बशीतला चहा आठवा, आणि उत्तर वहीत चित्र काढून लिहा!