शेगावची कचोरी खायला विमानाने कोणी येईल का?

दिवाळीत शाळेतला एक मित्र घरी आला होता. अकोल्यातच वाढला, गेली पंधरा-सोळा वर्षं अमेरिकेत नोकरी करतो. फराळ करता करता सहज म्हणाला, "शनिवारी मी विमान चालवतो." आम्हाला वाटलं, फेकून राहिला. मग त्याने मोबाइलवर फोटो दाखवले. चार सीटचं, एका इंजिनाचं, पुढे पंखा असलेलं छोटं विमान. स्वतःचं नाही, सात-आठ जणांनी मिळून घेतलेलं. आपल्याकडे चार शेतकरी मिळून ट्रॅक्टर घेतात तसं.

तो म्हणाला, तिकडे या हौशी वैमानिकांमध्ये एक शब्द आहे, 'शंभर डॉलरचा बर्गर'. म्हणजे शनिवारी सकाळी उडायचं, शे-दीडशे किलोमीटरवरच्या एखाद्या छोट्या गावात उतरायचं, धावपट्टीशेजारच्या हॉटेलात बर्गर खायचा आणि संध्याकाळच्या आत घरी. बर्गर स्वस्तच असतो, पण तिथवर जायचा खर्च धरला की तो शंभर डॉलरला पडतो. तिकडे सर्वांसाठी खुले असे सुमारे पाच हजार विमानतळ आहेत. त्यातल्या बहुतेकांवर प्रवासी विमान कधी येतच नाही. येतात ती हीच छोटी विमानं.

मग त्याने मला विचारलं, "भाऊ, आपल्या शिवणीले असं विमान उतरते का बे?"

मी म्हटलं, "उतरते ना बापा. पण येईन कोण?"

उत्तर देऊन मोकळा झालो, पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. वीस वर्षं पत्रकारिता करतोय. शिवणी विमानतळावर किती बातम्या लिहिल्या याची मोजदाद नाही. निवेदनं, आंदोलनं, पाहणी दौरे, आश्वासनं. त्या सगळ्या बातम्यांत विमान म्हणजे मुंबईला जाणारं मोठं विमान, एवढंच. जी धावपट्टी आज आहे तिच्यावर आज काय उतरू शकतं, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही नाही, आणि आपल्या पुढाऱ्यांनीही नाही.

आधी आकडे बघू. शिवणीची धावपट्टी इंग्रजांच्या काळातली, १९४३ च्या सुमाराची. लांबी सुमारे १,२०० मीटर. ७०-७२ सीटचं एटीआर नियमित चालवायचं तर ती अपुरी, म्हणून १,८०० मीटरची मागणी. त्यासाठी जमीन लागते. काही कृषी विद्यापीठाची, काही खासगी. यातच वर्षं गेली. गंमत बघा, २०२२ च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज बुकात विक्रम झाला. पाच दिवसांत ७५ किलोमीटर! आणि सहाशे मीटर धावपट्टीसाठी आपली एक पिढी म्हातारी झाली. अर्थात, तिथे रस्त्याची जमीन हातात होती. इथे घोडं जमिनीवरच अडलेलं आहे. डांबराला दोष देऊन उपयोग नाही.

आता दुसरा आकडा. माझ्या मित्रासारखं चार सीटचं विमान, समजा सेसना १७२, पाच-सहाशे मीटरमध्ये उतरतं आणि तेवढ्यातच उडतं. म्हणजे त्याच्यासाठी शिवणीची धावपट्टी दुप्पट लांब आहे. आज, आत्ता, एक मीटरही न वाढवता. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की हवा विरळ होते आणि विमानाला जास्त धावावं लागतं, तरीही ती पुरते. आणि तसंही ज्याला फिरायला यायचंय तो मे महिन्यात वऱ्हाडात येणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला खरा हंगाम.

तर माझं म्हणणं सरळ आहे. मोठं विमान येईल तेव्हा येवो. पण त्याची वाट बघण्याच्या नादात आपण छोट्या विमानाला दार लावून ठेवलंय. विमानतळ म्हणजे फक्त मुंबईची गाडी लागायचा फलाट नाही. तो रस्ताही आहे. रस्त्यावर एसटी जाते, तशी मोटारसायकलही जाते.

कोणी म्हणेल, येऊन बघणार काय? जरा नकाशा घ्या. नागपूरहून अकोला रस्त्याने अडीचशे किलोमीटर, चार-पाच तास. हवेतून अंतर दोनशेच्या थोडं वर, छोट्या विमानाने तासाभराचा मामला. वाटेत खाली वर्धा नदी, मग आपली काळी रानं, उत्तरेला सातपुड्याची भिंत. सकाळी आठला निघालेला माणूस नऊ-सव्वानऊला शिवणीत. तिथून पन्नासेक किलोमीटरवर शेगाव. दर्शन, आनंदसागर, आणि स्टेशनाजवळची कचोरी. अमेरिकेत शंभर डॉलरचा बर्गर असेल, तर आपली दहा हजारांची कचोरी!

दुसऱ्या दिवशी लोणार. हवेतून शिवणीपासून शंभरेक किलोमीटर. पावणेदोन किलोमीटर व्यासाचं, बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेलं विवर. २०२० मध्ये रामसर यादीत गेलं. त्याच वर्षी पाणी गुलाबी झालं आणि जगभर फोटो गेले. आपण काठावर उभे राहून लोणार बघतो, तेव्हा ते मोठं तळं वाटतं. त्याची गोल वाटी दिसते ती वरूनच. लोणारला उतरायची सोय नाही, पण रीतसर परवानगी घेऊन, ठरलेली उंची राखून वरून बघून परत येता येईल असं ठिकाण देशात दुसरं दाखवा.

बेलोऱ्याला उतरला तर चिखलदरा आणि गाविलगड शंभरेक किलोमीटरवर. रिद्धपूर आहे, कौंडण्यपूर आहे. शिवणीहून नरनाळा आहे, बाळापूरचा किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री आहे. फक्त मेळघाट हा व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे जंगलावर खाली घिरट्या घालणं नको म्हणजे नको. ते नियमातच हवं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "भाऊ, इथं कापसाले भाव नाही, अन् तुम्ही श्रीमंतांच्या विमानाचं काय घेऊन बसले?"

प्रश्न रास्त आहे. माझ्या घरातही शेती आहे. म्हणून स्पष्ट लिहितो. श्रीमंतांच्या हौसेसाठी सरकारने एक रुपयाही नवा टाकावा असं मी म्हणत नाही. पण जमीन गेलीच आहे ना? धावपट्टी झालीच आहे ना? कुंपण, पहारेकरी, देखभाल यांचा खर्च होतोच आहे ना? मग ती रिकामी ठेवून कोणत्या शेतकऱ्याचं भलं होतं? हौशी माणूस येईल, उतरण्याचं आणि विमान उभं करण्याचं भाडं भरेल, टॅक्सी करेल, रात्री राहील, जेवेल. त्याच्या हौसेचे पैसे आपल्या गावात पडू द्या की. आज ते पैसे आपल्याकडे पडत नाहीत, एवढाच फरक.

आणि हे कोट्यधीशांचंच काम, हेही पूर्ण खरं नाही. स्वस्त नाही, हे मान्य. शिकायला लाखांत आणि उडायला तासाला हजारांत पैसे जातात. पण खासगी वैमानिकाचा परवाना सतराव्या वर्षी मिळू शकतो आणि त्याला किमान ४० तास उड्डाण लागतं. त्या परवान्यावर भाडं घेऊन प्रवासी नेता येत नाहीत. स्वतः उडायचं, सोबत घरच्यांना किंवा मित्रांना न्यायचं. देशाची विमानसेवा तरी कुठून सुरू झाली? जेआरडी टाटांनी १९२९ मध्ये मुंबईच्या फ्लाइंग क्लबमधून परवाना काढला, तो हौसेपोटीच. १५ ऑक्टोबर १९३२ ला कराचीहून टपाल घेऊन ते मुंबईला आले, तेही एका इंजिनाच्या छोट्या विमानातून. पुढे त्यातूनच एअर इंडिया उभी राहिली.

आता अमरावतीकडे या. १६ एप्रिल २०२५ ला बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं. धावपट्टी १,८५० मीटर. त्या दिवशीची गर्दी मी पाहिलीय. म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ७२ सीटचं विमान, तेही आठवड्यातून तीन दिवस, असा सुरुवातीचा हिशेब होता. बाकीच्या वेळात त्या धावपट्टीने काय करायचं?

त्याचं उत्तर बेलोऱ्यातच आहे. एअर इंडियाने तिथे वैमानिक प्रशिक्षण केंद्र जाहीर केलं. वर्षाला १८० वैमानिक घडवायचे, ३४ विमानं. त्यातली ३१ एका इंजिनाची. म्हणजे मी ज्या छोट्या विमानांबद्दल बोलतोय, त्यांचं मोठं गोकुळच आपल्या दारात येणार. आणि शिकणाऱ्या पोरांना फक्त बेलोऱ्याभोवती चकरा मारून परवाना मिळत नाही. लांब पल्ल्याचं एकट्याने केलेलं उड्डाण लागतं, त्यात दुसऱ्या दोन विमानतळांवर पूर्ण उतरावं लागतं. बेलोऱ्याहून शिवणी हवेतून सत्तरेक किलोमीटर, वीस मिनिटं. शिवणी त्या पोरांसाठी खुली ठेवली, तर तिला रोजचं काम मिळेल. शिरपूर, बारामती, धुळे, गोंदियाची बिरसी, या धावपट्ट्या प्रशिक्षणाच्या विमानांनीच जाग्या राहिल्या. तिथे आधी छोटी विमानं आली, नंतर बाकीच्या गोष्टी.

अडचणी आहेत, त्या लपवत नाही. आपल्याकडे उडणं म्हणजे कागदांची लढाई. प्रत्येक उड्डाणाचा प्लॅन द्या, हवाई संरक्षणाचा क्रमांक घ्या, उतरायची आगाऊ परवानगी घ्या, सूर्योदय ते सूर्यास्त एवढीच मुभा. सुरक्षेसाठी काही गोष्टी लागतात, हे मान्य. पण ज्या धावपट्टीवर फोन कोणी उचलेल की नाही याची खात्री नाही, तिथे शनिवारी सकाळी बायकोपोरांना घेऊन कोण येईल? पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या विमानांना लागणारं अ‍ॅव्हगॅस देशात मोजक्या ठिकाणी मिळतं. पण नागपूर-अकोला-नागपूर हा दोन-अडीच तासांचा फेरा आहे. तेवढं इंधन टाकीत येतंच. शिवाय एअर इंडियाने घेतलेली एका इंजिनाची पायपर आर्चर डीएक्स विमानं मोठ्या विमानांच्याच इंधनावर चालतात.

धोकाही आहे. छोट्या विमानांचे अपघात होतात. शिवणीच्या आसपास आता वस्ती वाढलीय. कुत्री, पक्षी, कुंपणातली भगदाडं, हे सगळं आधी नीट करावं लागेल. ते कोणासाठीही करावंच लागेल. कारण उद्या एखाद्या अत्यवस्थ रुग्णाला हैदराबाद किंवा मुंबईला न्यायला छोटं रुग्णविमान आलं, तर त्यालाही हीच धावपट्टी लागणार आहे. माझ्या दृष्टीने खरा मुद्दा हाच. हौशी माणसासाठी शनिवारी जागी राहिलेली धावपट्टी मंगळवारी रात्री निरोप आला, तर बुधवारी पहाटे रुग्णासाठी तयार असते. झोपलेली धावपट्टी कोणाच्याच कामाची नसते.

म्हणून मागण्या छोट्याच आहेत.

१. शिवणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी, शनिवार-रविवार, ठरलेल्या वेळेत छोट्या विमानांसाठी खुली राहील असं जाहीर करा. एक फोन नंबर द्या आणि तो उचला.

२. विमान बांधून ठेवायला जमिनीत पक्क्या कड्या, सावली, पाणी, स्वच्छतागृह. यात कोटींचं काम काहीच नाही.

३. बेलोऱ्यातल्या प्रशिक्षणाच्या विमानांना सरावासाठी शिवणी वापरता येईल, असा करार करा.

४. शेगाव, लोणार, नरनाळ्यासाठी ठरलेल्या दराची गाडी. हे आपल्या पोरांचं काम, सरकारचं नाही.

५. महिन्यातून एकदा शाळेच्या मुलांना कुंपणाच्या आत नेऊन विमान जवळून दाखवा.

पाचवी मागणी माझ्यासाठी आहे, असं समजा. सहावी-सातवीत असताना कोणीतरी मोठा नेता येणार म्हणून आम्ही सायकली हाणत शिवणीला गेलो होतो. पोलिसांनी लांबच अडवलं. तारेच्या कुंपणातून विमानाची फक्त शेपटी दिसली. तेवढ्यावर आम्ही आठ दिवस शाळेत भाव खाल्ला. आज चाळिशी ओलांडली. माझी पोरगी आता सातवीत आहे. तिनेही अजून शेपटीपलीकडे काही पाहिलेलं नाही.

जाता जाता मित्राने पुन्हा विचारलं होतं, "पुढच्या दिवाळीले नागपूरहून विमान भाड्यानं घेऊन आलो, तर उतरता येईल काय?" इथे उडायला त्याला इथला परवाना काढावा लागेल, ते तो काढेल म्हणतो. बाकीचं उत्तर मी त्याला दिलेलं नाही. ते द्यायचं काम खासदार, आमदार, जिल्हाधिकारी साहेब यांचं आहे. ही पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा.

आणि तुम्हाला काय वाटतं तेही लिहा. शिव्या द्यायच्या असतील तर त्याही चालतील. फक्त पोस्ट पूर्ण वाचून द्या.