अर्ध्यावर सोडलेला अभ्यासक्रम : आधी एक अर्ज लिहा

पुस्तकांच्या व्यवसायात काम करणाऱ्या आणि प्रकाशनाचा, संपादनाचा किंवा भाषेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडलेल्या सगळ्यांसाठी हे आवाहन आहे. कुणी इग्नूच्या पुस्तक प्रकाशनाच्या पदव्युत्तर पदविकेला प्रवेश घेतला, पण गृहपाठ पाठवायची मुदत आणि दिवाळी अंकांची घाई एकाच वेळी आली. कुणी एम.ए.ची तीन सत्रं दिली, मग लग्न झालं, गाव बदललं. कुणाचा फक्त प्रकल्प राहिला आणि नोकरी सुरू झाल्यावर तो राहूनच गेला. विषय निघाला की सगळ्यांचं उत्तर एकच असतं, "आता कुठं जमायचं?"

जमेल की नाही हे नंतर ठरवा. आधी नेमकं किती उरलं आहे ते लेखी समजून घ्या. अनेक जण केवळ अंदाजावर वर्षानुवर्षं लांब राहतात. नोंदणी रद्द झाली असेल, सगळं पहिल्यापासून करावं लागेल, असं त्यांनीच ठरवून टाकलेलं असतं. विद्यापीठाला विचारलेलं मात्र नसतं.

नियम काय आहेत ते थोडक्यात पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2014च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या कालावधीनंतर दोन वर्षांची जादा मुदत आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक वर्ष मिळू शकतं. प्रत्यक्ष अंमलबजावणी प्रत्येक विद्यापीठ आपल्या नियमांनी करतं. मुदत संपलेल्यांना काही विद्यापीठं अधूनमधून परिपत्रक काढून विशेष संधी देतात, म्हणून परीक्षा विभागाच्या सूचनांवर लक्ष ठेवा. इग्नूमध्ये कमाल मुदत संपली तरी उरलेल्या विषयांपुरतं शुल्क भरून पुनर्प्रवेश घेण्याची सोय आहे. तुम्ही 2021-22 किंवा त्यानंतर शिकला असाल, तर तुमचे श्रेयांक 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये जमा झाले आहेत का ते डिजिलॉकरवरून पाहा. ते साधारणपणे सात वर्षं ग्राह्य धरले जातात. मात्र ते खात्यात दिसतात म्हणजे दुसरं विद्यापीठ ते आपोआप घेईलच असं नाही. नव्या धोरणानुसार चाललेल्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिलं वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याला पदव्युत्तर पदविका मिळण्याची तरतूद आहे. तुमच्या तुकडीला ती लागू होते का, हेही विचारा.

आता कागद काढा. जुन्या गुणपत्रिका, शुल्काच्या पावत्या, ओळखपत्र, पीआरएन किंवा नावनोंदणी क्रमांक एका फायलीत लावा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र त्याच फायलीत ठेवा. मग परीक्षा विभागाला अर्ज लिहा. मजकूर एवढा पुरेसा आहे :

"मी आपल्या विद्यापीठात अमुक वर्षी अमुक अभ्यासक्रमास प्रवेश घेतला होता. माझा पीआरएन क्रमांक अमुक असून उपलब्ध गुणपत्रिकांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. माझी नोंदणी आज ग्राह्य आहे का, नसल्यास पुनर्प्रवेश कोणत्या नियमानुसार मिळेल, उत्तीर्ण विषयांचे गुण वा श्रेयांक सध्याच्या अभ्यासक्रमात धरले जातील का, आणि नेमके कोणते विषय, प्रकल्प व शुल्क बाकी आहे, याची लेखी माहिती मिळावी, ही विनंती."

अर्ज आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या. खिडकीवर तोंडी मिळालेलं "होणार नाही" हे उत्तर अखेरचं मानू नका. दाद लागलीच नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली 10 रुपये शुल्क भरून आपल्याच नोंदणीची माहिती मागता येते. शासकीय विद्यापीठाला सर्वसाधारणपणे 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आणि "वर्षभरात पदवी हातात" अशी जाहिरात करणाऱ्यांकडे वळूही नका. आयोग बोगस विद्यापीठांची यादी जाहीर करतो. दूरस्थ अभ्यासक्रम घेणार असाल तर त्याला आयोगाची मान्यता आहे का, हे पैसे भरण्याआधी तपासा.

प्रकल्प राहिला असेल तर तुमची बाजू आज उलट जास्त भक्कम आहे. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याला विषय शोधावा लागतो, तुमच्या टेबलावर तो रोज येतो. जुनी श्रीलिपीतली फाइल युनिकोडमध्ये आणली की रफार भलत्याच अक्षरावर जातो, 'दुसऱ्या'मधला र बिघडतो, जोडाक्षरं फुटतात. मुद्रितशोधक हे सगळं निमूटपणे दुरुस्त करतो आणि पुस्तक छपाईला जातं. त्याच दुरुस्त्या एका पुस्तकापुरत्या प्रकारवार नोंदवा. रूपांतरामुळे झालेल्या चुका कोणत्या, अक्षरजुळणीतल्या कोणत्या, लेखकाच्या मूळ प्रतीतल्या कोणत्या, आणि कोणती चूक कितव्या वाचनात सापडली, हे मांडलं की संपादनावरच्या प्रकल्पाचा पाया तयार होतो. हक्कांचा विषयही तसाच आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क टिकतो, पण पूर्वीच्या करारपत्रांत ई-पुस्तक आणि श्राव्य पुस्तक येणार कुठून? तुमच्या संस्थेला वारसांशी नवे करार करावे लागत असतील, तर त्यातल्या अडचणी हा अभ्यासाचा अस्सल विषय आहे. फक्त संस्थेची लेखी परवानगी आधी घ्या.

वेळापत्रक आपल्या व्यवसायाकडे बघून आखा. इग्नूच्या सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. दिवाळी अंक तुमच्या गळ्यात असतील तर डिसेंबरचा हट्ट धरू नका, जून गाठा. क्रमिक पुस्तकांचं काम असेल तर शाळा उघडण्याआधीचे महिने सोडा. सगळे विषय एकाच परीक्षेला भरण्याची सक्ती नसेल, तर एक-दोनच घ्या.

सगळ्यांनीच परत जावं, असं मात्र मी म्हणणार नाही. लेखी उत्तर आलं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागणार असेल, कर्ज काढावं लागणार असेल आणि तुमच्या कामाला त्या पदवीची गरज नसेल, तर तो नाद सोडण्यात काही कमीपणा नाही. नॅशनल बुक ट्रस्टच्या पुस्तक प्रकाशनाच्या अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमासारखे पर्याय आहेत. पण प्राध्यापकी करायची असेल, सरकारी संस्थेतल्या संपादकीय पदासाठी अर्ज करायचा असेल, तर जाहिरातीत छापलेल्या पात्रतेसमोर अनुभव बहुधा कमी पडतो. उत्तम काम करणारी माणसं केवळ त्या एका ओळीमुळे अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

प्रकाशकांनाही एक विनंती. तुमच्याकडे कुणी असा अभ्यास पूर्ण करत असेल तर परीक्षेची रजा कुरकुर न करता द्या आणि जुनी करारपत्रं, जुन्या फायली त्याला बघू द्या. मराठी प्रकाशनाचं पुष्कळसं ज्ञान अजून माणसांच्या डोक्यातच आहे. माणूस निवृत्त झाला की तेही जातं. तुमच्या कर्मचाऱ्याचा प्रकल्प म्हणजे त्या ज्ञानाची लेखी नोंद आहे, आणि ती पुढच्या नव्या माणसाला शिकवायला तुमच्याच कामी येईल.

घरच्यांनी परीक्षेच्या महिन्यात एवढी मदत केली तरी पुरे : पाहुणे, कार्यक्रम आणि स्वयंपाकाचा भार वाटून घ्या. अनेकींचा अभ्यास बुद्धी कमी पडली म्हणून थांबलेला नाही, वेळ कुणी दिला नाही म्हणून थांबला आहे.

तेव्हा या आठवड्यात गुणपत्रिका शोधा आणि अर्ज देऊन टाका. उत्तर काहीही आलं तरी पुढचा निर्णय तुम्ही माहितीवर घ्याल, भीतीवर नाही.