शहराचं गटार, शिरोळचं पाणी: पंचगंगेचं घोडं नेमकं अडतं कुठं?

कोल्हापूर महापालिकेत ड्रेनेज दुरुस्तीचा विषय निघाला की शिरोळ, हातकणंगले तालुक्यातल्या माणसाला वाटतं, 'शहराचं काम आहे, शहर बघून घेईल. आपला काय संबंध?' संबंध अगदी सरळ आहे. शहरात फुटलेली लाईन वेळेत दुरुस्त झाली नाही की मैलापाणी नाल्यात उतरतं. नाल्यातून ते पंचगंगेत येतं आणि पंचगंगेतून खालच्या गावांच्या जॅकवेलपर्यंत पोचतं.

पुढचं चित्र नदीकाठच्या प्रत्येकाला पाठ आहे. नदीचा प्रवाह कमी झाला, बंधाऱ्यात पाणी तुंबलं की वास सुटतो, फेस येतो, तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो. मग आंदोलन होतं, अधिकारी येतात, पंचनामा होतो, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून नेले जातात. वरून पाणी सोडलं, बरगे काढले की घाण खाली वाहून जाते आणि विषय थंड पडतो. कितीतरी वर्षं हेच चाललंय.

म्हणून या वेळी माशांच्या फोटोपलीकडे जाऊन बघूया. घोडं नेमकं अडतं कुठं?

केंद्र आहे, मग घाण नदीत कशी?

कोल्हापूर शहराचं सांडपाणी मुख्यतः जयंती आणि दुधाळी या नाल्यांतून नदीकडे येतं. ते अडवून, पंपानं उचलून शुद्धीकरण केंद्रात न्यायचं, अशी व्यवस्था आहे. कसबा बावड्याच्या केंद्राची क्षमता रोज ७ कोटी ६० लाख लिटर, तर दुधाळीच्या केंद्राची १ कोटी ७० लाख लिटर.

आता साधा हिशोब करा. सरकारी मापाप्रमाणे शहरातल्या एका माणसाला रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्यातलं ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडतं. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूरची लोकसंख्या साधारण साडेपाच लाख होती. म्हणजे रोजचं सांडपाणी सहा कोटी लिटरच्या आसपास. त्यानंतर शहर वाढलं, उपनगरं वाढली, त्यामुळं खरा आकडा याच्या बराच वर असणार. तरीही केंद्रांची क्षमता काही नगण्य नाही.

पण केंद्र बांधणं आणि मैला त्या केंद्रापर्यंत पोचवणं ही दोन वेगळी कामं आहेत. गोम इथंच आहे. घरातून लाईन, लाईनमधून चेंबर, चेंबरमधून पंपिंग स्टेशन आणि तिथून केंद्र, अशी ही साखळी. यातली एक कडी तुटली तरी केंद्र कितीही मोठं असलं तरी उपयोग शून्य. काही भागांत ड्रेनेज लाईनच नसते, सेप्टिक टँकचं पाणी उघड्या गटारात जातं. कुठं जुनी लाईन खचते, कुठं प्लॅस्टिकनं चेंबर तुंबतं. कधी पंप बंद पडतो, कधी लाईट जाते. अशा वेळी नाला कुणासाठी थांबत नाही. तो थेट नदी गाठतो.

नव्याला पैसा, जुन्याला वाली नाही

दुरुस्ती का रखडते, याचं उत्तर पैसा कुठून येतो यात आहे. नवी पाईपलाईन, नवं केंद्र यासाठी अमृतसारख्या योजनांतून केंद्र आणि राज्य सरकारचा निधी मिळतो. पण केंद्र रोज चालवायचं, वीजबिल भरायचं, पंप दुरुस्त करायचे, जेटिंग मशीन फिरवायचं, माणसं ठेवायची, हा सगळा खर्च मुख्यतः महापालिकेनं स्वतःच्या तिजोरीतून करायचा असतो. ही तिजोरी घरफाळा आणि पाणीपट्टीवर चालते. वसुली ढिली पडली की पहिली कात्री देखभालीला लागते.

त्यात राजकारणाचाही भाग आहे. नव्या रस्त्याला नारळ फुटतो, कोनशिला बसते, फोटो निघतो. जमिनीखालचं चेंबर साफ केलं म्हणून कुणी कुणाचा सत्कार केल्याचं ऐकलंय का? म्हणून वॉर्डातला पैसा वर दिसणाऱ्या कामाकडं वळतो. मग आधी डांबर पडतं आणि नंतर ड्रेनेजसाठी तोच रस्ता उकरला जातो.

महापालिकेत खर्चाला मंजुरी देण्याचं मोठं काम १६ सदस्यांची स्थायी समिती करते, अंमलबजावणी आयुक्तांकडं असते. कोल्हापूरच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं प्रशासकाचा कारभार राहिला. इचलकरंजी नगरपालिकेची २०२२ मध्ये महापालिका झाली, तिथंही सुरुवात प्रशासकापासूनच झाली. त्या काळात शहरातल्या माणसालाच 'विचारायचं कुणाला?' हा प्रश्न होता. खालच्या गावाची तर गोष्टच वेगळी. नगरसेवक असले तरी शिरोळच्या माणसाचं मत काही कोल्हापूरच्या वॉर्डात नाही. दुरुस्ती लांबवणारा एक, मत देणारा दुसरा आणि भोगणारा तिसराच. पंचगंगेच्या प्रश्नाचं मूळ हेच आहे.

नदी सोडून दुसरीकडं धाव

नदी खराब झाली म्हणून शहरं काय करतात? दुसरं पाणी शोधतात. कोल्हापूरनं काळम्मावाडी धरणातून थेट पाईपलाईन आणली. चारशे कोटींहून अधिक खर्चाची ही योजना अनेक वर्षं रखडून नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. शहराला चांगलं पाणी मिळालं, त्याला कुणाची ना नाही. पण घरात जास्त पाणी आलं की गटारातही जास्त जातं. पाणी दूधगंगेचं आणि त्याचं सांडपाणी पंचगंगेत. ड्रेनेजची साखळी तशीच राहिली तर खालच्या गावांवरचा बोजा उलट वाढेल.

इचलकरंजीची गोष्ट याहून अवघड आहे. काळ्या ओढ्यातून शहराचं सांडपाणी नदीकडं येतं, त्यात कापड प्रोसेसिंगच्या रंगीत पाण्याचा प्रश्न वेगळाच. २०१२ मध्ये या शहरानं काविळीची भयंकर साथ बघितली, माणसं दगावली. त्या लोकांना शुद्ध पाणी पाहिजे, हे मान्यच करायला हवं. पण वारणेतून पाणी न्यायचं ठरलं तेव्हा दानोळीसह वारणाकाठ उभा राहिला. मग दूधगंगेवरची सुळकूड योजना पुढं आली, तर दूधगंगाकाठानं विरोध केला. शहर विरुद्ध गाव अशी ही भांडणं लागली, त्याची सुरुवात पंचगंगा नासण्यातून झाली. दारातली नदी नीट राहिली असती तर दुसऱ्याच्या नदीकडं बघायची वेळ एवढ्या तातडीनं आली नसती.

आपल्या गावचं गटार कुठं जातं?

बोट दाखवताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. नदीकाठच्या बहुतेक गावांचं गटारही ओढ्यातून नदीतच जातं. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगानं ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. त्यातून शोषखड्डे किती झाले, सांडपाण्यावर काय केलं, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायलाच पाहिजे. आपलं आवार झाडलेलं असलं की शहराला जाब विचारायला जोर येतो.

आणखी एक. संरक्षक साधनांशिवाय चेंबर साफ करायला माणूस आत उतरवणं हा २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. गटारात काम करताना मृत्यू झाला तर कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. ठेकेदाराकडं रोजंदारीवर जाणाऱ्या आपल्या पोरांना हे माहीत असू द्या. काम लवकर व्हावं म्हणून कुणाचा जीव धोक्यात घालायचा नसतो.

काय विचारायचं?

'नदी शुद्ध करा' एवढ्याच मागणीला 'प्रस्ताव पाठवला आहे' असं ठरलेलं उत्तर मिळतं. त्यापेक्षा माहिती अधिकारात नेमके प्रश्न टाका. दहा रुपयांचा अर्ज आहे, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे.

१. गेल्या वर्षभरात रोज किती सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पोचलं? मीटरच्या नोंदवहीची प्रत द्या.

२. कोणता पंप किती दिवस आणि किती तास बंद होता? कशामुळं?

३. ड्रेनेज देखभालीसाठी बजेटमध्ये किती रक्कम धरली आणि प्रत्यक्ष किती खर्च झाली?

४. प्रदूषण नियंत्रण मंडळानं महापालिकेला किती नोटिसा दिल्या आणि त्यावर पुढं काय झालं?

ही उत्तरं हातात आली की पुढच्या वेळी मासे मरतील तेव्हा कोणता पंप, कोणता नाला, कोणत्या तारखेपासून, हे पुराव्यानिशी बोलता येईल. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानं नदीत घाण सोडायला बंदी आहे आणि त्यातून महापालिकाही सुटत नाही. एका गावाच्या अर्जापेक्षा दहा गावांच्या ग्रामसभांचे ठराव जास्त बोलतात. शहरात आपलं मत नसेल, पण जिल्हा परिषदेत, विधानसभेत आणि लोकसभेत आहे. मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तिसऱ्या प्रश्नातला आकडा विचारा.