सीमोल्लंघन कोणाचे?

माझा मित्र दुबईच्या आंतरराष्ट्रीय शाळेत मास्तर आहे. ‘विद्येला सीमा नसते, तूही ये,’ असे तो लिहितो. तत्त्व मान्य! परंतु दसरा झाला, की आमच्या बीड जिल्ह्यात माझ्या वर्गातली निम्मी मुले आईबापांच्या कोयत्यामागे कर्नाटकात जातात. त्यांच्या सीमोल्लंघनामागे कोणती शाळा जाते? हंगामी वसतिगृहे आहेत. पण तान्ह्या भावंडाला सांभाळणारी थोरली मुलगी मागे कशी राहावी? परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो सोलापूर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या कामाबद्दल. निम्मी रक्कम त्यांनी इतर देशांतील ९ शिक्षकांना वाटली. जगाची शाळा उसाच्या फडातही भरेल, भरवणारा हवा. वाचकहो, करंजी मोडताना एवढे आठवा : या साखरेपायी कोणाची तरी इयत्ता बुडते आहे.